चार सुती पाना

भंगारवाल्याने इंजिनाच्या मोठ्या चाकावर टाच टेकवली आणि जोर लावला. चाक तसूभरही हललं नाही. "जाम हाय," तो म्हणाला आणि तेवढ्यावर भाव सांगून मोकळा झाला. बीड किलोवर, पितळेच्या पट्टीचे वेगळे पैसे, टेम्पो त्याचाच.

गेल्या वैशाखातली ही गोष्ट. पलूस तालुक्यातल्या आमच्या मळ्यात जुन्या विहिरीच्या थारोळ्याशेजारी पत्र्याच्या छपराखाली हे इंजिन उभं होतं. एका सिलिंडरचं, दोन बाजूंना दोन जाडजूड चाकं असलेलं, सहा हॉर्सपॉवरचं. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास अशी सावकाश चालणारी डिझेल इंजिनं बाजारात आणली. पुढे त्याच धाटणीची इंजिनं आपल्याकडे राजकोटला होऊ लागली आणि देशभरच्या विहिरींवर जाऊन बसली. आमचं त्यांतलंच एक. विजेची मोटर आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. छपराचे दोन पत्रे उडाले होते आणि कितीतरी पावसाळे त्या भगदाडातून थेट त्याच्या माथ्यावर पडले होते. कोपऱ्यात लोखंडी नांगर, कडबाकुट्टीचं चाक आणि पाभरीचं फुटकं चाडं पडलं होतं. भंगारवाल्याच्या लेखी हे सगळं मिळून एक वजन होतं.

मी नको म्हणालो. त्या क्षणी डोक्यात एवढंच होतं की या यंत्राचा आवाज मला अजून पाठ आहे. मिनिटाला ६५० फेरे आणि दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला पाचाहून थोडे जास्त ठोके. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकू आले की उसाला पाणी सुरू झालं, हे कुणी सांगावं लागत नसे. ते ठोके पुन्हा ऐकता येतील का, एवढाच प्रश्न घेऊन मी तालुक्याच्या गावी मिस्त्रींकडे गेलो. त्यातून पाच महिन्यांचं शिक्षण झालं.

०००

मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पंचाहत्तरीला टेकलेत. एसटी स्टँडामागचं दुकान बंद करून आठ वर्षं झाली, पण हत्यारांची पेटी पलंगाखाली तेल लावून ठेवलेली. ते आले ते एक लहानशी हातोडी घेऊन. बाजारात मडकं घेताना बाया टिचकी मारून बघतात, तशी त्यांनी चाकाच्या कडेवर हातोडी टेकवत टेकवत पूर्ण फेरी मारली. प्रत्येक ठिकाणी लांबलेला, घंटेसारखा नाद आला.

"चाक शाबूत हाय. तडा असता तर बद्द वाजलं असतं."

जुनं इंजिन उघडण्याआधी हे बघायचं असतं. बीड कठीण खरं, पण वाकत नाही, फुटतं. तडा गेलेलं चाक वेगात फुटलं तर त्याचा तुकडा छप्पर फोडून जातो आणि वाटेत माणूस असला तर माणूसही. बाकी सगळं दुरुस्त होतं. चाक गेलं की थांबायचं, हा मामांचा पहिला नियम.

दुसरा नियम धीराचा. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. पिस्टन आणि लायनर यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत तो पाचरीसारखा ठोकून बसतो. अशा वेळी वरून घण घातला तर पिस्टनचा माथा फुटतो किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. मामांनी हेड उतरवलं आणि पिस्टनच्या माथ्यावर डिझेल आणि पातळ तेल यांचं मिश्रण ओतलं. रोज सकाळी त्याची पातळी बघायची, कमी झाली असेल तेवढी भरायची. पातळी खाली जातेय याचा अर्थ तेल गंजातून वाट काढतंय. अकरा दिवस आम्ही एवढंच केलं. बाराव्या दिवशी पिस्टनवर बाभळीचा ठोकळा ठेवून हलके ठोके दिले आणि चाकाला लाकडी दांडा लावून मागे-पुढे रेटलं. चाक एक सूत हललं. मामांनी तिथेच काम थांबवलं. "आज एवढंच. त्याला कळलंय आता."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मोजपट्टीवर मिलिमीटर आले, तरी जुन्या कारखान्यांत बोल्ट अजून सुतात बोलतो. अर्ध्या इंचाचा तो चार सुती, पाऊण इंचाचा सहा सुती. पुतण्या आयटीआयला जातो. त्याने नवा, चकचकीत मिलिमीटरचा पानासंच आणला होता. त्यातला एक पाना बसेना, दुसरा बसून निसटे आणि नटाचे कोपरे खाई. एक नट हरवला होता, त्याच्या जागी त्याने दुकानातून आणलेला नट लावला. दोन आटे मऊ गेले, मग अडकला. तो दाब देणार तोच मामांनी मनगट धरलं.

जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये आट्यांचं एक माप ठरवलं. आट्याचा कोन ५५ अंशांचा, अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचामागे १२ आटे. अमेरिकी बोल्टला त्याच जाडीवर १३ आटे आणि कोन ६० अंशांचा. मिलिमीटरच्या बोल्टचाही कोन ६०. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं स्वीकारली, पण इंग्रजी नमुन्यावरची यंत्रं पुढेही बरीच वर्षं व्हिटवर्थ आट्यांतच होत राहिली. परका नट दोन आटे फसवून आत जातो आणि जोर केला की दोघांचेही आटे कापून टाकतो. मामांनी पेटीतून एक काळा पडलेला पाना काढला. त्यावरचा आकडा जबड्याचा नव्हता, बोल्टचा होता. व्हिटवर्थ पान्यांची रीतच ती. चार सुती बोल्टला चार सुती पाना. तो नटावर असा बसला की हाताला जरासुद्धा खेळ लागला नाही.

०००

सुटे केलेले भाग गंजातून सोडवायचे, तर उपाय आमच्या घरच्या धंद्यातच निघाला. गुऱ्हाळातली जुनी, आंबलेली काकवी. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकचं पिंप, सावलीची जागा. काकवीतले काही घटक गंजातल्या लोहकणांना धरून पाण्यात ओढतात आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. दहा-पंधरा दिवस लागतात, घाण वास येतो, माश्या घोंघावतात. पण बाहेर निघालेल्या बोल्टवर पहिल्या कारागिराने मारलेली पंचची खूण वाचता येते. अॅल्युमिनियमचा भाग मात्र त्यात चुकूनही टाकायचा नाही, काकवी तो खाते. आणि बाहेर काढलेला भाग लगेच धुऊन, वाळवून, तेलात घ्यायचा, नाहीतर बघता बघता त्यावर पुन्हा तांबूस झाक चढते.

पुतण्याने दुसरी तऱ्हा केली. पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर, ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक टाकाऊ लोखंडी पट्टीला. रात्रभरात गंज सुटून काळी भुकटी झाला. यात दोन पथ्यं आहेत. यातून हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करायचं आणि जवळ विडी-काडी आणायची नाही. आणि पट्टी स्टेनलेस स्टीलची घ्यायची नाही, तिच्यातलं क्रोमियम पाणी विषारी करतं. जुनी पॅकिंगं काढताना तोंडाला मास्क आणि पॅकिंग ओलं, हेही मामांनी बजावलं. जुन्या पॅकिंगांत अॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसांत गेली की आयुष्यभर तिथेच राहते.

नांगर तेवढा मामांनी पिंपात घालू दिला नाही. त्याला तारेच्या ब्रशने घासलं आणि हिरड्याच्या दाट काढ्याचे तीन हात दिले. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. गंजाशी त्याचा संयोग झाला की काळा, घट्ट चिकटलेला थर तयार होतो. हिरडा आणि लोखंड यांची शाई एके काळी याच गुणावर होत असे. वाळल्यावर वरून जवसाचं तेल. तेलाचे बोळे मामांनी लगेच पाण्यात बुडवले, कारण जवसाने भिजलेला चुरगळलेला बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो.

०००

त्या नांगराचं आमच्या भागाशी फार जुनं नातं आहे. मळ्यापासून किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची चित्रं काढायला शिकवत. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकलींचा व्यापार केला आणि मग कडबाकुट्टीची यंत्रं आणि लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकर माळ दिला. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला, तीच किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, अशी आठवण सांगितली जाते. साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातूनही आधी नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं निघाली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते. १९४६ मध्ये पुण्याला खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. लाकडी नांगराचा फाळ तेवढा लोखंडी असलेल्या प्रदेशात पन्नासेक वर्षांत बीड आणि पोलाद बांधावर, विहिरीवर, गुऱ्हाळात पोचलं.

हा इतिहास सांगताना आपण कारखानदारांपाशी थांबतो. पण यंत्र शेतात टिकवलं ते गावोगावच्या मिस्त्रींनी. लोहाराच्या पोराने, सुताराच्या पोराने, कधी सातवी नापास झालेल्या शेतकऱ्याच्या पोराने इंजिन उघडून बघितलं आणि ते पुन्हा बसवलं. त्यांचं ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही. नोझल बरोबर फवारतंय का, हे मामा हँडल फिरवताना आतून येणाऱ्या 'कुर्र' आवाजावरून सांगतात. तो आवाज मी शब्दांत लिहिला, पण तेवढ्याने तो कुणाला ओळखता येणार नाही.

०००

इंजिनाच्या चार पायांपैकी एकाचा कोपरा उडालेला होता. त्याखाली पोलादी पट्टीची पाचर होती. पुतण्याला ते खुपत होतं. त्याने मोबाइलवर आरशासारखी चमकवलेली इंजिनं पाहिली होती, आपलंही तसंच करायचं त्याच्या मनात होतं. वेल्डिंगने कोपरा भरू, घासू, वर हिरवा चकचकीत रंग मारू.

मामा त्या पायाशी उकिडवे बसले. "हा पाय कवा मोडला, ठावं हाय?"

७२ च्या दुष्काळात. मामा तेव्हा तेविशीचे, नुकते कामाला लागलेले. विहिरीचं पाणी उतरत गेलं. वर बसवलेला पंप खोलवरचं पाणी ओढू शकत नाही. हवेचा दाब पाण्याला जेमतेम दहा मीटर वर ढकलतो आणि पाइपातले तोटे धरले तर सहा-सात मीटरवर खेळ संपतो. म्हणून पाण्यामागे इंजिनच खाली न्यायचं ठरलं. विहिरीच्या आत कातळाचा टप्पा होता. लाकडांची तिपाई उभी केली, दोरखंड लावले, बारा माणसं दोराला. अर्ध्यावर दोर सरकला आणि इंजिन कातळावर आदळलं. पायाचा कोपरा उडाला, पण इंजिन वाचलं. पुढचे कित्येक महिने ते विहिरीच्या पोटात चाललं. धुरामुळे खाली माणूस फार वेळ थांबू शकत नसे, म्हणून एकाने खाली उतरायचं आणि दुसऱ्याने काठावर बसून त्याला सारख्या हाका मारायच्या. उत्तर आलं नाही की दोर ओढायचा. ती हाक मारायला माझे वडील बसत, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"गंज काढायचा," मामा पुतण्याला म्हणाले. "काम न्हाई काढायचं."

पायाचा कोपरा तसाच राहिला. पाचर मात्र नवी बसवली, कारण जुनी झिजली होती आणि इंजिन डुलणार होतं. मला वाटतं, जुनं यंत्र दुरुस्त करण्याचं सगळं शहाणपण या एका भेदात आहे. गंज ही दुर्लक्षाची खूण, झीज ही कामाची. दोन्ही लोखंडावर शेजारी शेजारी असतात आणि घाईत हात फिरवला की दोन्ही एकदम जातात.

०००

पट्ट्याची पुली मात्र फुटलेलीच होती. ती करून घ्यायला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथे गल्लीगल्लीत लेथ फिरतात आणि ओतकामाच्या तापलेल्या वाळूचा वास दरवळत असतो. एका वयस्क पॅटर्नवाल्याने सागवानात पुलीचा पॅटर्न करून दिला. आमची पुली एक फुटी. पॅटर्न त्याने एक फूट एक सुताचा धरला आणि वर लेथवर कापली जाईल तेवढी भर दिली. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, फुटामागे एक सूत. लाकूड घडवतानाच लोखंडाचं उद्याचं आकसणं त्यात धरून ठेवावं लागतं. "पॅटर्न जपून ठेवा," त्याने निघताना सांगितलं. "उद्या दुसऱ्या कुणाला लागंल." आमच्या शिवारात त्याच मापाची इंजिनं अजून चार तरी असतील, सगळी छपराखाली गंजत पडलेली. तो लाकडी पॅटर्न आता घरातल्या फडताळात आहे.

भाद्रपद संपत आला तसं इंजिन जुळत गेलं. सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतून विहिरीच्या क्षारांचे खापरासारखे पापुद्रे निघाले. ती पोकळी तुंबली असती तर इंजिन तापून पुन्हा जाम झालं असतं. क्रँककेसच्या तळातून वाळूचे कण निघाले, बहुधा मूळ ओतकामातून राहून गेलेले. ते पुसून पुसून काढले, कारण तळातलं तेल उडवूनच या इंजिनाचे बेअरिंग भिजतात आणि तेलातून फिरणारी वाळू त्यांना पॉलिश पेपरासारखी घासते. रंग अखेर लावला तो पातळ, बिनचमकीचा, गंज धरू नये एवढाच.

शेवटी राहिली पितळेची पट्टी. तिच्यावर हळद-कुंकवाचा थर होता, बोटाच्या ठशांनी एकावर एक चढलेला, दगडासारखा घट्ट. दर खंडेनवमीला आजी लावायची, मग काकी. पुतण्या पितळेचं पॉलिश घेऊन आला, तर मामांनी त्याला अडवलं. मीही अडवलं. हे तर काम, हा गंज नव्हे, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. आमचं बोलणं ऐकून त्या क्षणभर बघत राहिल्या.

"पुसा की," त्या म्हणाल्या. "देव्हाऱ्यातले टाक आपण दर सणाला उजळतोच न्हवं? मीच आळस केला इतकी वर्सं. न पुसता वरनंच लावत गेले."

मग त्यांनी स्वतः चिंचेचा कोळ आणला आणि पट्टी उजळली. बनवणाऱ्याचं नाव झिजून गेलेलं होतं. वाचता आले दोनच आकडे: ६ आणि ६५०.

काकींनी आम्हाला अर्धवट समजलेला नियम पुरा करून दिला. थर जपायचा नव्हताच, जपायचं होतं ते दरवर्षी पुसणं आणि पुन्हा लावणं. जे यंत्र वर्षातून एकदा कुणी पुसतं, फिरवतं, तेलात घेतं, ते जाम होत नाही. आमचं इंजिन पावसाने जाम झालं, असं मी इतके दिवस म्हणत होतो. खरं तर त्याच्यापाशी कुणी जाईनासं झालं, तेव्हाच ते जाम झालं.

म्हणून वाचकांना माझी विनवणी आहे. तुमच्या गोठ्यात, परसात, चुलत्याच्या वाटणीत असं काही पडलं असेल, तर ते चमकवायला पैसे नसले तरी चालेल. डोक्यावर पत्रा घाला. उघड्या भोकांत बोळा बसवा. चाक फिरत असेल तर महिन्यातून पाव फेरी फिरवा आणि दोन थेंब तेल सोडा. उघडण्याआधी फोटो काढा, नटांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधा. आणि गावातला जो मिस्त्री अजून हयात आहे, त्याला एकदा घरी बोलवा. त्याच्या शेजारी एक तरुण पोर बसवा. यंत्र दहा वर्षं थांबू शकतं, मिस्त्री थांबू शकत नाही.

०००

खंडेनवमीच्या सकाळी पूजा झाली. फूटव्हॉल्व्ह, ज्याला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात, तो नवा बसवला होता. पंपात पाणी भरलं, डिझेलच्या नळीतली हवा काढली. हँडल कुणी मारायचं, असा प्रश्न आला, तर मामा बाजूला झाले आणि त्यांनी पुतण्याकडे बोट केलं.

"अंगठा वर घे. बोटांच्याच बाजूला. हँडल उलटं आलं तर अंगठा जातो."

डिकॉम्प्रेशनची कळ उचललेली. चाकं फिरू लागली, आत कुर्र वाजलं. वेग आल्यावर कळ सोडली. एक पांढरा लोट निघाला आणि चाकं थांबली. पुन्हा हवा काढली, पुन्हा हँडल. तिसऱ्या खेपेला एक ठोका पडला, मग दुसरा, मग ठोके एकमेकांना धरून चालू लागले. काकींनी पदर तोंडाला लावला. पाइपातून आधी तांबूस पाणी आलं, मग गढूळ, मग नितळ, आणि ते थारोळ्यात पडून पाटाला लागलं.

मला वाटलं, झालं. मामांना तसं वाटलं नाही. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं आणि पुतण्याकडून सुरू करवून घेतलं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. एकदा मुद्दाम नळीत हवा सोडली आणि ती काढायला लावली. दिवस माथ्यावर आला तरी ते हलेनात. जाताना पेटीतून चार सुती पाना काढून त्यांनी पोराच्या हातात दिला आणि काही न बोलता एसटीसाठी रस्त्याला लागले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतण्याने एकट्याने इंजिन सुरू केलं आणि मामांना फोन लावून तो छपराखाली धरला. मी शेजारीच होतो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मामांचा आवाज आला.

"एक्झॉस्टचा टॅपेट वाजतोय. बंद कर, गार होऊ दे, मग फिलर गेज घालून बघ."

पोराने इंजिन बंद केलं आणि पाना घ्यायला तो पेटीकडे गेला.